दाभण

पुरणाची डाळ शिजायला टाकून सिंधूबाई बादली घेऊन कॉलमांना पाणी मारायला निघाल्या. अधिक ज्येष्ठातला रविवार होता. दुपारी जावई धोंडे खायला नांदेडहून यायचे होते आणि परवा, मंगळवारी, त्याच जावयांच्या हातून घराचा स्लॅब पडायचा होता. एकदा स्लॅब पडला की खालच्या कॉलमांना हात लावता येत नाही, हे सिंधूबाईंना आता पाठ झालं होतं. म्हणजे जे काय बोलायचं ते आजच, आणि आज तर जावयाच्या मानाचा दिवस! मुहूर्त असा नेमका जुळून आला होता की त्यांना एकटीलाच हसू फुटलं.

रेणापूरच्या बाहेर, लातूर रस्त्याला, सासऱ्यांनी म्हणजे भुजंगरावांनी कधीकाळी प्लॉट घेऊन ठेवला होता. त्यावर आता घर उठत होतं आणि घरातली माणसं तोवर त्याच प्लॉटच्या कोपऱ्यात पत्र्याच्या शेडमध्ये उकडून निघत होती. बारा कॉलम उभे होते, वर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकून झाल्या होत्या. बोअर चैत्रातच आटला होता. टँकरचं पाणी तांब्यातांब्यानं वापरावं लागे, पण कॉलमांना गुंडाळलेली बारदानं सिंधूबाई सकाळ-संध्याकाळ स्वतः भिजवत. त्या कामात त्यांनी कुणाला लुडबुड करू दिली नव्हती.

म्हणून तर त्यांच्या ध्यानात आलं. बारदान बाजूला केलं की दहा कॉलम तासाभरात वाळून पांढरे पडायचे. दोन मात्र गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत दुपारीसुद्धा काळे ओले राहायचे. चार दिवस त्यांनी हे नुसतं पाहिलं आणि पाचव्या दिवशी धोंडप्पाला बोलावणं धाडलं. अर्धं रेणापूर ज्याच्या हातानं उभं राहिलं असा हा म्हातारा गवंडी, आता गुडघे कुरकुरतात म्हणून घरी बसून होता. त्यानं कॉलमवर हातोडीनं टकटक केली, खिळ्यानं वरचा लेप खरवडला आणि म्हणाला, "अक्का, ह्यात दाभण जाईल बघा."

तो आपला बोलायचं म्हणून बोलला होता. सिंधूबाई मात्र सरळ शेडमध्ये गेल्या आणि पोती शिवायचं दाभण घेऊन आल्या. दर साली सोयाबीनच्या पोत्यांची तोंडं त्याच दाभणानं शिवायची, त्यामुळे ते त्यांच्या हाताला बोटासारखंच झालं होतं. त्यांनी ते कॉलमात खुपसलं. चार बोटं आत गेलं.

"आत नुसती खडी हाय," धोंडप्पा म्हणाला. "माल दाबून भरलाच न्हाई. फळ्या काढल्यावर उघडं दिसलं म्हनून वरून लेप मारून झाकलंय. सळईला धरायला आत काय न्हाई, अक्का."

"आन् ह्याच्यावर स्लॅब पडला तर?"

"आज काय होत न्हाई. उद्या बी न्हाई. पर जिमीन हालली तर..."

त्यानं वाक्य तिथंच सोडलं. लातूर जिल्ह्यात हे वाक्य कुणी पुरं करत नाही. सिंधूबाईंचं माहेर औशाकडचं. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या त्या रात्री त्या सासरी होत्या म्हणून राहिल्या. धाकटा भाऊ माहेरच्या मातीच्या भिंतीखाली गेला. तेव्हापासून त्यांना घराकडून एकच गोष्ट हवी होती, की त्यात निर्धास्त झोप लागावी. फरशी कसली, रंग कोणता, यात त्यांनी कधी तोंड घातलं नव्हतं.

कॉलमचं त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, पण नवऱ्याला, व्यंकटरावांना. कारण जावयाशी त्या बोलत नसत. भांडण मुळीच नव्हतं, मर्यादा होती. जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, त्याच्या हातात वस्तू द्यायची नाही, पुढ्यात ठेवायची. सासूकडून आलेली ही रीत त्यांनी लेकीच्या, तनुजाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळली होती. ती पाळताना काही अडत नव्हतं. पण मागच्या वर्षी बांधकामाचा गुत्ता, म्हणजे कंत्राट, घरच्या माणसालाच, जावयाला द्यायचा असं ठरलं, आणि ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच माणसाकडून घर बांधून घ्यायची पाळी आली. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळे आपले घरचा गुत्तेदार मिळाला म्हणून खुशीत.

मग निरोपांची वरात निघायची. सिंधूबाई म्हणाल्या, "ते दोन कालम फोडून नव्यानं भरायला सांगा." व्यंकटरावांनी लेकीला फोन लावला आणि म्हणाले, "तुझ्या आईला जराशी शंका हाय बग." तनुजानं नवऱ्याला सांगितलं, "आईला काम आवडलंय, एकदा सवडीनं कॉलम बघा म्हणते." आणि नांदेडहून उलट निरोप आला, "मामींना आवडलं, त्यातच सगळं आलं." तो ऐकून सिंधूबाईंनी कपाळाला हात लावला होता.

पाणी मारून झालं. त्यांनी दाभण पदराच्या टोकाला टोचून ठेवलं आणि त्या पुरण वाटायला बसल्या.

दुपारी साडेबाराला पांढरी गाडी प्लॉटवर आली. जावई दयानंद उतरला तो थेट सेंट्रिंगकडे बघत. चाळिशीचा, अंगानं भरलेला, नांदेडात चार ठिकाणी कामं चालू असलेला माणूस. मागून तनुजा उतरली. आईच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि तिला काय ते कळलं. स्वयंपाकाच्या आडोशाला येऊन ती दबक्या आवाजात म्हणाली, "आई, आज नको ना काही. धोंडा तीन वर्षांनी येतो."

"आन् स्लॅब परवा येतोय."

"मी सांगते त्यांना. जाताना गाडीत सांगते."

"तू सांगतीस तवा त्याचं पुरण होतंय, तनू," सिंधूबाई म्हणाल्या आणि धोंड्यांवर झाकण ठेवलं.

कोंडाबाईंनी पाट मांडून ठेवले होते. या व्यंकटरावांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडे राहत, पण सासर नांदेडचं, आणि दयानंद त्यांच्या दिराचा मुलगा. तनुजाचं स्थळ त्यांनीच आणलेलं. त्यामुळे दयानंदचं कौतुक झालं की त्यातला अर्धा वाटा त्या स्वतःकडे ठेवून घेत.

"किती वाळलास रे दया," त्या म्हणाल्या. दयानंदच्या शर्टाची बटणं पोटावर ताणली होती. "उन्हातान्हात लोकांची घरं बांधायची म्हंजे काय खायचं काम हाय व्हय!"

सगळं रीतीनं झालं. व्यंकटरावांनी आणि सिंधूबाईंनी लेक-जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. लग्नानंतरचा हा चौथा धोंडा. एक करोनात हुकला होता. ताटात पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार. पत्र्याखाली कूलर घरघरत होता आणि तरी सगळ्यांच्या कानशिलांवरून घाम वाहत होता. सिंधूबाई वाढताना तनुजाला म्हणत, "त्यास्नी विचार, आणखी एक वाढू का?" आणि दयानंद तनुजाकडे बघून म्हणे, "मामींना म्हण, बास." दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

जेवण झाल्यावर सिंधूबाईंनी वाण आणलं. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, मधे पेटता दिवा, कडेला खण, शेजारी शर्ट-पँटचं कापड आणि टॉवेल. त्यांनी ताट दयानंदच्या पुढ्यात ठेवलं, वाकून नमस्कार केला. उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला.

"जावयाचा मान झाला," त्या म्हणाल्या. "काय कमी पडलं आसंल तर सांगा."

सांगा कुणाला म्हणाल्या ते कुणाच्याच लगेच लक्षात आलं नाही. तनुजानं मान वर केली. सिंधूबाई सरळ दयानंदकडे बघत होत्या.

"आता मला गुत्तेदाराशी बोलायचंय. हात धुवा आन् माझ्यासंगं चला."

व्यंकटराव घाईघाईनं म्हणाले, "अगं, येळवखत बघ की जरा. भरल्या ताटावरून..."

"ताट सरलंय. मी दम धरून बसले हुते ते त्याच्यासाठीच."

"सिंधे, लाज सोडलीस का?" कोंडाबाई कडाडल्या. "सासूनं जावयाला असं उभं करतेत व्हय? नांदेडात कळलं तर काय म्हनतील लोक?"

"वन्सं, तुमी बी चला," सिंधूबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. नेमक्या त्या कॉलमपाशी जाऊन थांबल्या. तिथं धोंडप्पा छिन्नी आणि घण घेऊन विटांच्या ढिगावर बसला होता. त्याला त्यांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं.

दयानंद आला. हसतच आला. घरात बायकांचं काही खूळ निघालं की पुरुष जसे समजुतीनं हसतात, तसं. सिंधूबाईंनी पदरातलं दाभण काढलं आणि रीतीप्रमाणे विटांवर ठेवलं.

"उचला. ह्या कालमात टोचा."

"मामी, काय हे?" तो म्हणाला. नऊ वर्षांत त्यांना उद्देशून त्यानं उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. "माझ्या चार-चार सायटी चालू आहेत, मी काय पहिल्यांदाच काम करून राहिलो का? एखाद्या जागी माल पोकळ ऱ्हातो, थोडी जाळी पडतीच. प्लास्टर झालं की दिसत बी न्हाई."

"मला ते बघायचं न्हाई, बापू. मला त्याच्याखाली निजायचंय. टोचा."

त्यानं दाभण उचललं, तेही हसतच. कॉलमला लावलं, जरा दाबलं, आणि हात थांबला. आणखी दाबलं. दाभण नेढ्यापर्यंत गेलं. त्यानं ते बाहेर काढलं तेव्हा टोकाला ओली कच चिकटली होती.

आता तो हसत नव्हता. "कालम भरले त्या दिवशी मी हिथं नव्हतो," तो म्हणाला. "नांदेडला दुसरा स्लॅब होता. माल दाबायचं व्हायब्रेटर बंद पडलं, पोरांनी तसंच भरलं. मला नंतर..."

"नंतर कळलं. मग?"

"मग काय मामी, दुरुस्त केलं."

"दुरुस्त न्हाई केलं." हे तनुजा बोलली. ती शेडच्या दारातून कधी पुढे आली, कुणाला कळलं नाही. "तुम्ही फोनवर काय म्हणालात ते मी ऐकलंय. लेप मारून टाका, तिथं कुणाला कळतंय, असं म्हणालात. मी तेव्हा गप्प बसले. आईचा निरोप आला तेव्हाबी गोड करून सांगितला. माझंच चुकलं."

दयानंदनं बायकोकडे रोखून बघितलं. लेकीचा संसार त्यांनीच आज पणाला लावला होता, हे त्यांना तेव्हा पुरतं उमगलं. मागं फिरायचं तर हाच क्षण होता. त्यांना धाकट्या भावाचा चेहरा आठवला आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

"एवढ्याशा भोकासाठी माझ्या दयाला चौघांत उभं केलंस!" कोंडाबाई अजून बाजू लढवतच होत्या. "पडलं थोडं इकडं तिकडं. घर काय एका कालमावर उभं ऱ्हातंय का?"

"घर बाराच्या बारा कालमांवर हाय. हे दोन तुमच्या खोलीतले हायत, वन्सं."

"कंच्या खोलीतले?"

"तुमच्या. हितं भिंत, हितं तुमची खाट." सिंधूबाईंनी हातानं खाटेची जागा दाखवली.

कोंडाबाईंनी एकदा कॉलमकडे, एकदा वरच्या फळ्यांकडे बघितलं. मग दयानंदच्या हातातलं दाभण ओढून घेतलं, स्वतः खुपसलं, आणि ते सहज आत गेलेलं बघून दोन पावलं मागं सरल्या. "माझ्या डोस्क्यावर रे, दया?" त्या म्हणाल्या. "मी तुझं लगीन जमवलं, आन् तू माझ्याच डोस्क्यावर हे ठिवायलास?"

एरवी कुणी हसलं असतं. धोंडप्पा तेवढा मिशीत हसला आणि त्यानं तोंड फिरवलं.

दयानंदचा चेहरा लाल झाला. "आता हे कालम फोडायचे म्हंजे वरचं सेंट्रिंग उकलायचं. मंगळवारचा स्लॅब गेला. मृग तोंडावर आलाय. एकदा पाऊस लागला की महिनाभर काम बंद. कळतंय का तुम्हाला मामी, काय मागून राहिलात ते?"

"कळतंय. महिना जाऊ द्या, दोन जाऊ द्या. मी पत्र्याखाली पावसाळा काढीन. हे दोन कालम सळई ठिवून फोडायचे, माझ्या डोळ्यांदेखत भरायचे, आन् पाणी मी मारणार. तुमी केलं तर तुमच्या हातानं, न्हाईतर धोंडप्पा माणसं आणंल. धोंड्याचं वाण तुमचंच हाय, ते परत मागत न्हाई. जावई तुमी हाईतच. गुत्तेदार ऱ्हायचं का न्हाई, ते तुमी ठरवा."

दयानंद वळला, लांब टांगा टाकत गाडीत जाऊन बसला, धाडकन दार ओढलं. इंजिन सुरू झालं. तनुजा गाडीजवळ जाऊन उभी राहिली, पण आत बसली नाही. व्यंकटराव चपला न घालताच पळत गेले आणि काचेशी वाकून हात जोडू लागले. सगळी हयात या माणसानं दोन्हीकडच्यांना बरं वाटेल असं बोलण्यात घालवली होती.

सिंधूबाईंनी धोंडप्पाच्या हातातली छिन्नी घेतली. घण त्यांच्यानं एकटीनं पेलवणार नव्हता. त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "अहो, इकडं या. घण धरायला माणूस पायजे."

व्यंकटराव काचेशी तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले. गाडीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, जोडलेले हात सोडले आणि तापलेल्या मातीतून अनवाणी परत आले. त्यांनी घण उचलला. सिंधूबाईंनी छिन्नी कॉलमला लावून धरली.

"बोटं संबाळ," व्यंकटराव म्हणाले.

पहिल्या घावाला लेप सुटला. तिसऱ्या घावाला आतली खडी चुरमुऱ्यासारखी ओघळली आणि मधली सळई उघडी पडली. सळईभोवती पोकळी होती, मूठ जाईल एवढी. कोंडाबाई "अगं बाई" म्हणून खालीच बसल्या. सहावा-सातवा घाव पडला असेल, तेव्हा गाडीचं इंजिन बंद झालं.

दयानंद आला तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर होत्या. तो त्या पोकळीपाशी उकिडवा बसला, आत हात घालून सळई चाचपली, खडीचा एक तुकडा बोटांत चुरगाळला.

"मामी," तो शेवटी म्हणाला, "ते दाभण द्या."

"कशाला?"

"तुम्ही खालून बघितलं. तुमचा हात पोचतो तिथवर. माल वरच्या अंगालाबी कमी पडतो, बीमच्या खाली." त्यानं मान वर करून बाकीच्या कॉलमांकडे पाहिलं. "बाकीचे दहा कोण बघनार?"

दाभण कोंडाबाईंकडून परत सिंधूबाईंकडे आलं होतं. त्यांनी विटांच्या ढिगाकडे बघितलं, आणि दाभण तिथं ठेवलं नाही. पुढे होऊन नेढ्याची बाजू त्याच्याकडे करून जावयाच्या हातात दिलं.

त्यानं गवंडीकामाची लाकडी घोडी ओढून आणली, तिच्यावर चढला. तिसरा कॉलम वरून पक्का निघाला. चौथाही. पाचव्यापाशी तो थांबला, अंगठ्यानं काही तरी खरवडलं. खालून कुणाला काही दिसत नव्हतं. त्यानं हात फिरवून घोडी पुढे सरकवली असती, तर ते कधीच कुणाला कळलं नसतं. सिंधूबाई वर बघत राहिल्या.

दाभण तीन बोटं आत गेलं. दयानंदनं धोंडप्पाकडून खडू मागून घेतला आणि कॉलमवर लांबूनही दिसेल अशी मोठी फुली मारली. मग घोडीवर उभ्या उभ्याच खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "मंगळवारचा स्लॅब न्हाई. हां, न्हाई म्हणलं ना. घण घेऊन चार माणसं पाठव."

फोन खिशात गेला. दयानंद घोडीवरच उभा राहिला. खाली सिंधूबाईंनी घोडीचा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"पुढचा," त्या म्हणाल्या.